कर्जाची वही कुणी वाचायची?

श्रोतेहो, आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो आपल्या घरांत मोठ्या आवाजात बोलला जात नाही. मुलीचं लग्न ठरलं की गल्लीला कळतं, मुलगा पास झाला की पेढे वाटले जातात. घरावर कर्ज किती आहे हे मात्र पुष्कळदा घरातल्याच माणसांना ठाऊक नसतं. कर्ता माणूस रात्रभर कूस बदलत राहतो आणि बायकोने विचारलं तर ‘काही नाही, पित्त झालंय’ म्हणतो. तिनेही मुलाच्या फीसाठी गळ्यातली पोत गहाण टाकलेली असते आणि खोट्या सोन्याची पोत घालून ती चारचौघींत वावरत असते. एका छपराखाली दोन माणसं दोन कर्जं लपवत जगत असतात. सावकाराला दोन्ही कर्जं माहीत असतात. घराला एकही माहीत नसतं.

मी कवितेतला माणूस, अर्थशास्त्रातला नाही. त्यामुळे सुरुवात शब्दांपासून करतो. ‘कर्ज’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, फारसीचा हात धरून. त्याच वाटेने ‘जामीन’ आला, ‘वसूल’ आला, ‘रक्कम’ आली. ‘हप्ता’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ आठवडा. आणि याच काफिल्यातून आणखी एक शब्द आला, तो म्हणजे ‘हिशेब’. कर्ज आणि हिशेब एकाच वाटेने मराठीच्या दारात आले. आपण कर्जाला चटकन घरात घेतलं आणि हिशेबाला बाहेर ओट्यावर बसवून ठेवलं. पुढे जे काही झालं त्याची गोष्ट एवढ्यातच आली असं म्हटलं तरी चालेल.

कर्जाखाली पिचलेली माणसं त्यातून बाहेर कशी पडली, निदान बाहेर पडण्याच्या वाटा त्यांनी कशा शोधल्या, हे आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात पाहण्यासारखं आहे. त्यातली पहिली गोष्ट आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. देहूच्या तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय आणि महाजनकी होती. म्हणजे घराणं कर्ज घेणाऱ्यांचं नव्हतं, देणाऱ्यांचं होतं. दुष्काळाने सगळं उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खतं बाहेर काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. ही गोष्ट ऐकताना आजही मन भरून येतं. पण कर्जदाराच्या बाजूने पाहिलं तर ती थोरवी देणाऱ्याची आहे. आपल्या वाट्याला एखादा तुकोबा येईल, अशी वाट पाहत कर्जदाराला बसता येत नाही.

दुसरी गोष्ट १८७५ सालची. १२ मे १८७५ हा दिवस पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराचा होता. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आता ते बारामती तालुक्यात आहे. त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. बघता बघता हे लोण पुणे आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांतल्या गावागावांत पोहोचलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. या दंग्यांची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमावाला मुख्यतः हवी होती ती कागदपत्रं. खतं, रोखे, वह्या. जिथे कागद मुकाट्याने हवाली झाले तिथे पुष्कळ ठिकाणी सावकाराच्या अंगाला हातही लागला नाही. कागद चौकात आणून जाळले आणि माणसं घरी गेली.

कागदावर एवढा राग का? तर तो कागद शेतकऱ्याला वाचता येत नव्हता. त्याने अंगठा उठवलेला असे, पण कशावर उठवला हे समोरचा सांगेल तेच खरं. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचं बंधन आलं. हेतू चांगला होता, जुनी भुतं उकरली जाऊ नयेत हा. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार जुनं खत फाडी आणि व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेई.

हे गणित आपण करून पाहू. समजा, १०० रुपये घेतले, दरमहा दरशेकडा २ रुपये व्याजाने. तीन वर्षांत व्याज झालं ७२. नवं खत झालं १७२ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी ते २९६ च्या घरात गेलं. नवव्या वर्षी ५०० च्या पुढे. हातात आले होते १०० आणि डोक्यावर झाले ५००.

आपल्याकडे ‘दामदुप्पट’ नावाचा जुना नियम होता, की एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं होत असेल तर तो नियम काय करणार? शिवाय इंग्रजी न्यायालयांनी दामदुप्पट हा हिंदू कायद्याचा भाग मानला. त्यामुळे कर्जदार मुसलमान असेल तर त्याला तो लागू होत नसे. सावकाराच्या वहीत सगळ्यांना सारखंच पान होतं. कोर्टात मात्र बाबू आणि बाबूमियाँ यांच्यात फरक झाला.

बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. इंग्रजी अमलात शेतसारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरावा लागे, पीक येवो न येवो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जं तशीच राहिली. त्याच सुमारास सरकारने काही तालुक्यांत सारा मोठ्या प्रमाणात वाढवला. सावकाराने हात आखडता घेतला आणि वसुलीला कोर्टाचे हुकूमनामे आणले. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात अशाच एका वसुलीवरून ठिणगी पडली. लोकांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. सहा महिन्यांत सुपे पेटलं.

या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याच्या अहवालातला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. शेतकरी लग्नकार्यात, सणावारात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो, असं तेव्हाचे साहेब सर्रास म्हणत. आजही आपण एकमेकांबद्दल असंच म्हणतो. आयोगाने म्हटलं, की लग्नखर्चाला कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिलं गेलंय. कर्ज फुगतं ते बी-बियाणं, बैल, पोटापुरतं धान्य, सरकारी सारा अशा लहानसहान रकमांनी आणि त्यांवर चढणाऱ्या व्याजाने. श्रोतेहो, दीडशे वर्षांपूर्वीच्या या निष्कर्षात कर्जदारासाठी मोठा दिलासा आहे. कर्ज झालं म्हणजे माणूस उधळ्या असलाच पाहिजे असं नाही. बहुतेकांचं कर्ज जगण्यातून झालेलं असतं. ही गोष्ट मनाला पटली की लाज थोडी कमी होते, आणि लाज कमी झाल्याशिवाय वही उघडत नाही.

कागद जाळून प्रश्न सुटला का? नाही सुटला. पेरणी तोंडावर होती आणि बियाण्याला पैसा पुन्हा त्याच दारातून आणायचा होता. पण त्या जाळाच्या उजेडात सरकारला काही गोष्टी दिसल्या. १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं, की समोर आलेल्या खतावर थांबू नका. त्याच्या मागे जा. पहिल्या दिवसापासूनचा व्यवहार काढा. मुद्दल वेगळं मांडा, व्याज वेगळं मांडा. व्याजावर व्याज धरू नका आणि मुद्दलाहून जास्त व्याज देऊ नका. हे सगळ्या शेतकऱ्यांना, बाबूला आणि बाबूमियाँलाही. कर्जासाठी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकायचं नाही. फेड हप्त्यांनी करून द्यायची. आणि सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यायची, मागितल्यास खातेपुस्तक द्यायचं. वही सावकाराच्या गादीखालून निघून कर्जदाराच्या हातात यावी, ही कल्पना आपल्याकडे कायद्यात आली ती अशी, सुप्याच्या जाळानंतर.

या कायद्यालाही पळवाटा निघाल्या. सावकार गहाणखताऐवजी सरळ विक्रीखत लिहून घेऊ लागले, ‘पैसे फेडलेस की जमीन परत’ एवढा तोंडी शब्द देऊन. तोंडी शब्द वहीत नसतो. पुष्कळांच्या जमिनी त्या शब्दापायी गेल्या. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला, तो याच काळात. शेतकऱ्याच्या सगळ्या दैन्याचं मूळ त्यांनी अविद्येत शोधलं. वही हातात आली तरी ती वाचता आली पाहिजे, हा त्याचा अर्थ.

आता आपण खेड्यातून मुंबईत येऊ. कारण हेच कर्जबाजारी शेतकरी सातारा-कोल्हापुराकडून आणि कोकणातून गिरणीत कामाला आले. गावचं कर्ज फेडायला म्हणून आले आणि शहरात नवं कर्ज करून बसले. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार खात्याने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. शेकडा ४७ कुटुंबं कर्जात आढळली. व्याजाचा नेहमीचा दर होता दर रुपयाला दरमहा एक आणा. ऐकायला आणा लहान वाटतो. सोळा महिन्यांत तो मुद्दलाएवढा होतो आणि मुद्दल जागच्या जागी उभं असतं. वर्षाचा दर झाला शेकडा ७५.

हे कर्ज देणाऱ्यांत किराणा दुकानदार होते, चाळीतलेच चार पैसे बाळगणारे होते, जॉबर होते आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी काठी घेऊन उभे राहणारे पठाणही होते. व्याज आमच्या धर्मात निषिद्ध आहे. तरी दारात उभा असलेला तो माणूस कलमा पढणाराच असे, आणि त्याच्यापासून लपणाऱ्यांत कलमा पढणारा विणकरही असे. कर्जाच्या व्यवहारात जात-धर्म पाहून दया दाखवली गेल्याचं फारसं आढळत नाही.

१९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, देशभरच्या कारखान्यांची पाहणी केली. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कुटुंबं कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असा त्याचा अंदाज होता. त्याचं एक कारण अगदी साधं होतं. महिना भरल्यावर पगार हातात पडायला आणखी दहा-पंधरा दिवस लागत. म्हणजे नव्या कामगाराने गिरणीत पाय ठेवला की दीड महिना उधारीवर खायचं. कामाचा पहिला दिवस हाच कर्जाचा पहिला दिवस. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची तारीख बांधून दिली. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर ७ तारखेच्या आत, जास्त असतील तर १० तारखेच्या आत. ज्यांना ७ तारखेला पगार मिळायची सवय आहे त्यांनी ही तारीख कुठून आली ते लक्षात ठेवावं.

त्याच १९३६ साली नागपूरकडे, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, कारखान्यातल्या कामगारांच्या कर्जनिवारणासाठी एक वेगळा कायदा झाला. व्हिटली आयोगाच्या शिफारशीतूनच तो आला. ज्याचा पगार ५० रुपयांच्या आत आहे आणि कर्ज डोईजड झालंय अशा कामगाराला स्वतः कोर्टात अर्ज करता येई. कोर्टाने त्याची मिळकत पाहायची, घरखर्च पाहायचा आणि तीन वर्षांपर्यंतच्या काळात हा माणूस खरोखर किती फेडू शकेल ते ठरवून तेवढे हप्ते बांधून द्यायचे. यातला विचार फार शहाणपणाचा होता. फेडीचा हप्ता सावकाराच्या मागणीवरून ठरवायचा नाही, कर्जदाराच्या चुलीवरून ठरवायचा. आधी घर जगलं पाहिजे, मग कर्ज फिटेल. घरच मोडलं तर फेडणार कोण?

मुंबईच्या गिरणगावात कर्जाची आणखी एक कहाणी होती, ती बायकांची. एकटा आलेला कामगार खाणावळीत जेवे. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई दहा-पंधरा माणसांना दोन वेळा जेवू घाली. कामगार पैसे देणार महिन्याअखेर, पगार झाल्यावर. तोवर ज्वारी, तांदूळ, तेल, रॉकेल बाईने उधारीवर आणायचं. दुकानदार भाव चढा लावी, वर व्याज. अडलं तर मंगळसूत्र गहाण. १९७३-७४ च्या गिरणी संपात कामगारांकडे पैसे नव्हते. तरी या बायकांनी त्यांना उपाशी ठेवलं नाही, आणि संप मिटल्यावर दुकानदाराच्या वहीत त्यांचं पान भरून गेलेलं होतं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात. ज्या वहीवर तो संप जेवला ती वही कुणी छापली नाही.

गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांच्या हे डोळ्यांसमोर होतं. १९७५ साली त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ सुरू केलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबांना कर्ज द्यायचं धोरण कागदावर होतं. पण या बायका बँकेची पायरी चढल्या नव्हत्या आणि बँक यांच्या चाळीत आली नव्हती. तारण काय देणार? जामीन कोण राहणार? तेव्हा उत्तर निघालं, की आम्हीच एकमेकींना जामीन राहू. एका भागातल्या बायकांचा गट करायचा, प्रत्येकीने आपली उधारी गटासमोर सांगायची आणि मग राष्ट्रीयीकृत बँकेकडून लहान कर्ज घेऊन धान्य रोखीने भरायचं. रोखीने घेतलं की भावात घासाघीस करता येते. व्याजात जाणारा पैसा हातात राहतो आणि त्यातूनच हप्ता निघतो. कुठलीही जादू नव्हती. महाग कर्ज काढून टाकून स्वस्त कर्ज आणलं, आणि वही गटाच्या मध्यभागी ठेवली.

एकमेकांना जामीन राहण्याची ही कल्पना जुनी होती. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यात खेड्यातल्या पेढ्यांसाठी ‘अमर्याद जबाबदारी’ ठेवली होती. एकाने बुडवलं तर सगळ्यांनी भरायचं. त्यामुळे सगळेच सगळ्यांवर नजर ठेवत. पुढे अनेक पतसंस्थांत खुर्च्या मोठ्या झाल्या आणि वही पुन्हा कपाटात गेली, ठेवीदारांचे पैसे बुडाले. वही कुणाच्या हाती आहे हे विचारणं थांबलं की सहकाराची सावकारी व्हायला वेळ लागत नाही.

सरकारनेही अधूनमधून पाटी पुसून पाहिली. आणीबाणीच्या काळात महाराष्ट्राने ‘कर्जमुक्ती कायदा, १९७५’ करून अल्प मिळकतीच्या शेतकऱ्यांची, ग्रामीण कारागिरांची आणि मजुरांची सावकारी कर्जं रद्द केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. गहाण पडलेल्या वस्तू परत मिळाव्यात अशी त्यात तरतूद होती, आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांच्यासाठी तो ईदचा आणि दिवाळीचा दिवस होता. पण पुढचं आजारपण आलं तेव्हा उसनं कुणाकडे मागायचं, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. माफीने मागचं पान कोरं होतं. पुढचं पान लिहायची सोय वेगळी करावी लागते.

ती सोय आपल्या बायकांनी बचत गटांतून केली. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि पुढच्या वीस वर्षांत गावोगावी बायका सतरंजीवर गोल बसून पैसे मोजताना दिसू लागल्या. त्याच दशकातली एक गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची आहे. ज्या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा कायदा झाला त्यांतलाच हा जिल्हा. म्हसवडच्या बायकांना स्वतःची बँक काढायची होती. चेतना गाला सिन्हा त्यांच्याबरोबर होत्या. रिझर्व्ह बँकेकडे केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते. बायका खचल्या नाहीत. काही महिने अक्षरं गिरवली आणि पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नसेल, पण व्याज काढता येतं. तुम्ही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज सांगतो. तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढून दाखवावं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अंगठा उठवणाऱ्या माणसाला हिशेब कळत नाही, हा समज सुप्याच्या सावकारापासून मुंबईच्या कचेरीपर्यंत चालत आला होता. म्हसवडच्या बायकांनी तो एका भेटीत खोटा ठरवला.

आता आपल्या दिवसांकडे येऊ. सावकार आज गादीवर बसत नाही, तो मोबाइलमध्ये बसतो. पाच मिनिटांत पैसे खात्यात येतात. आठवड्याच्या हप्त्याचा गट गल्लीत येतो आणि एकीचा हप्ता भरायला ती दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढते. १८५९ नंतर जुनं खत फाडून नवं लिहीत, तसंच हे. क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम भरा’ असं येतं आणि आपण ती भरून निर्धास्त होतो, तेव्हा मुद्दल बहुतेक जागच्या जागी असतं. एका आण्याची गोष्ट आठवा.

कायदेही आहेत, ते माहीत असावेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ पासून लागू आहे. बेकायदा सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्जं देताना घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली करणाऱ्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना खरा वार्षिक दर आणि सगळे आकार एका साध्या पत्रकात, ग्राहकाला समजेल अशा भाषेत लिहून द्यावे लागतात. १८७९ चं खातेपुस्तक ते हे पत्रक, एवढा लांबचा प्रवास झाला. ते पत्रक मागून घ्या आणि सही करण्यापूर्वी वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. तिला लाजायचं कारण नाही.

इतिहासातल्या या माणसांनी जे केलं तेच आपल्याला घरच्या घरी करता येईल. एक कागद घ्यायचा. कुणाचं किती, मुद्दल किती, व्याज किती, हे नवरा-बायकोने मिळून मांडायचं. दोघांचीही लपवलेली कर्जं त्यात आली पाहिजेत. चुलीला किती लागतं ते आधी बाजूला काढायचं, नागपूरच्या त्या कायद्यासारखं. मग सर्वांत चढ्या व्याजाचं कर्ज आधी फेडायचं आणि जमल्यास ते स्वस्त कर्जात बदलून घ्यायचं, अन्नपूर्णाच्या बायकांसारखं. ज्याचं देणं आहे त्याच्यापासून तोंड चुकवण्याऐवजी त्याच्यासमोर जाऊन बसायचं आणि झेपेल तो हप्ता सांगायचा. व्यवहारातला माणूस बुडीत खात्यापेक्षा लांबलेला हप्ता पसंत करतो. आणि जुनं फेडायला आंधळेपणाने नवं काढायचं नाही. हे लिहिल्याने कर्ज एका रात्रीत फिटणार नाही. पण अंधारात जे डोंगराएवढं वाटतं त्याचा आकडा कळतो, आणि आकडा कळला की माणूस वजाबाकी सुरू करतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या घरांतून कर्ता माणूस निघून गेला, त्यांतल्या अनेक घरांना कर्जाचा खरा आकडा नंतर कळला. दारात आलेल्या माणसांनी सांगितला. त्या माणसाने जिवंतपणी तो आकडा चार माणसांत सांगितला असता तर सगळं निभावलं असतं, असं म्हणायचा अधिकार मला नाही. पीक, भाव, पाऊस यांतलं काहीच त्याच्या हातात नव्हतं. पण त्या आकड्याचा भार त्याला एकट्याला वाहावा लागला नसता, एवढं नक्की.

आमच्यात एक रीत आहे. मयताची नमाज होण्यापूर्वी घरातला जवळचा माणूस जमलेल्या लोकांसमोर उभा राहतो आणि सांगतो, की यांच्याकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर मला येऊन सांगा, मी त्याची जबाबदारी घेतो. धर्मग्रंथातली सर्वांत लांब आयतही कर्जाचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवा, हेच सांगणारी आहे. कर्ज उघड्यावर यावं, लिहिलेलं असावं आणि ते उचलायला आणखी कुणी तरी पुढे यावं, असा या रीतीचा अर्थ मी लावतो. माणूस गेल्यावर आपण हे करतो. तो जिवंत असताना, जेवणं झाल्यावर, सगळे घरात असताना त्याला एवढंच विचारता येईल, ‘कुणाचं काही देणं आहे का? सांग, मिळून बघू.’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)